मोटेचे चाक ते पाणबुडी पंप : पाणी उपसण्याच्या साधनांचा थोडा इतिहास

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत देवस्थानांची माहिती, कुलवृत्तांत, गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या आणि दिवंगतांची चरित्रे दरवर्षी येतात व ती यावयासच हवीत. परंतु ज्या कामावर आपल्या सुतार ज्ञातीचे पोट पिढ्यान्‌पिढ्या चालले त्या कामाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. नांगर, तिफण, बैलगाडी यांच्याविषयी निदान बोलले तरी जाते. विहिरीवरच्या चाकाविषयी आता कोणी बोलतही नाही. यास्तव संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा आम्ही पाणी उपसण्याच्या साधनांचा विषय निवडला. शाळेत छत्तीस वर्षे शिकविण्याचा धंदा केला असल्याने मधूनमधून थोडे गणित येईल, ते वाचकांनी गोड करून घ्यावे.

पाणी साठविणे आणि साठविलेले पाणी वर काढणे या दोन निराळ्या विद्या आहेत. साठविण्याच्या विद्येत महाराष्ट्र कोणाला हार जाणारा नव्हता. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी आजही पाण्याने भरलेली दिसतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबून न राहता टाकी करून ठेवावी, असा स्पष्ट उपदेश आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी दगडी नळाने शहरात आणले आणि पेठापेठांतून हौद बांधले. औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, मलिक अंबराने त्यापूर्वीच नहर खोदून पाणी आणले होते. या दोन्ही योजनांत एक गोष्ट सारखी आहे. पाणी उंचावरून सखल जागी आपल्या वजनानेच येते. त्यास वर चढविणारे यंत्र वाटेत कोठेही नाही. हौदापर्यंत पाणी आपण होऊन येई, पुढे मात्र घागर आणि हात.

शेताला घागरीने पाणी पुरत नाही. तेथे तीन साधने चालत. कोकणात व गोमंतकात, जेथे पाणी उथळ, तेथे एका टोकास वजन बांधलेली लाट. माडापोफळींच्या बागांत रहाट, म्हणजे चाकावरून फिरणारी गाडग्यांची माळ. आणि देशावर, जेथे काळ्या कातळातून विहीर तीस-चाळीस हात खाली जाते, तेथे मोट. रहाटगाडग्याने भाषेस एक उपमा दिली. मोटेने देशावरच्या शेतकऱ्यास ऊस, हळद आणि भाजीपाला दिला.

सातारा जिल्ह्यातील लिंब गावाजवळची बारा मोटांची विहीर पुष्कळांनी पाहिली असेल. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली गेल्याचे व वीरूबाई भोसले यांनी ती बांधविल्याचे तेथील शिलालेखावरून समजते. विहिरीच्या पोटात महाल आहे, जिना आहे, कोरीवकाम आहे, आणि लोक ते पाहून परत फिरतात. आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे की, तेथे गेल्यास वरच्या मोटवणाच्या जागा अवश्य पाहाव्यात. बारा मोटा म्हणजे बारा चाके, बारा कणे आणि निदान चोवीस बैल. दगडाचे काम टिकले म्हणून ते आपल्यास दिसते. लाकडाचे काम कुजले, म्हणून ते करणाऱ्यांची आठवणही राहिली नाही.

मोट कशी चाले हे नव्या पिढीतील मुलांस ठाऊक नसणे साहजिक आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. विहिरीच्या काठावर दोन बळकट खांब, त्यांच्यामध्ये लाकडी कण्यावर फिरणारे मोठे चाक. त्यावरून जाड नाडा खाली उतरतो आणि त्याला चामड्याची मोट बांधलेली असते. मोटेचे तोंड लोखंडी कड्याने उघडे ठेवलेले आणि खालच्या अंगास हत्तीच्या सोंडेसारखी एक लांब सोंड. या सोंडेला एक बारीक दोर, त्याला सोल म्हणतात. तो खालच्या लाकडी रुळावरून जातो. बैल धावेवरून, म्हणजे उतारावरून, पुढे चालू लागले की नाडा आणि सोल दोन्ही बरोबरीने ओढले जातात, सोंड दुमडून वर राहते आणि पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की सोल सोंडेस थारोळ्याकडे ओढतो, सोंड सरळ होते आणि सारे पाणी आपोआप थारोळ्यात पडते. तेथून पाटाने वाफ्यात. नाडा आणि सोल यांच्या लांबीचा मेळ बसविणे हीच या यंत्राची सारी खुबी होय. ते एका हाताने जरी चुकले तरी पाणी पुन्हा विहिरीतच जाई. ओतण्यासाठी निराळा माणूस लागू नये एवढ्यासाठी ही युक्ती कोण्या अनामिक पूर्वजाने काढली. तिला यंत्र न म्हणावे तर काय म्हणावे?

या एका साधनावर गावगाड्यातील किती हात राबत ते पाहण्याजोगे आहे. चाक, कणा, रूळ व खांब आपले. बहुधा बाभळीचे, कारण बाभूळ झिजेला दाद देत नाही. कडे व आस लोहाराचे. चामडे कमावणारे ढोर, मोट शिवणारे चर्मकार, नाडा व सोल वळणारे मांग. वर्षभर दुरुस्ती करावी आणि सुगीला खळ्यावरून बलुते आणावे, हा व्यवहार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ साली निघालेल्या ग्रंथात बलुत्याचे बरेवाईट दोन्ही सांगितले आहे; त्यात आम्हांस भर घालावयाची नाही. बलुत्यात सुरक्षितता होती, तशी लाचारीही होती, एवढे म्हणून पुढे जातो.

परंतु येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून पुढे जाणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. मोट चामड्याची. तिच्या थारोळ्यातील पाणी मळ्यातला मालक प्याला, वाटसरू प्याला, त्यात आपणही आलो. कोणास ते अपवित्र वाटले नाही. मात्र ज्याने ती मोट शिवली किंवा तिचा दोर वळला, त्याने गावच्या पाणवठ्यास हात लावावयाचा नाही. आपल्या ज्ञातीत त्या काळी याविरुद्ध कोणी फारसे बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ साली संमत झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह प्याले, तेव्हा केवढा गहजब झाला! त्या तळ्याचा कज्जा उच्च न्यायालयात निकालात निघावयास १९३७ साल उजाडले. ठरावाचा कागद आणि ओंजळीतले पाणी यांच्यामध्ये अंतर होते ते असे.

आता पंपाकडे वळू. पंप ही गोष्ट आजची नाही. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत क्टेसिबियस नावाच्या कारागिराने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात नळकांडे, दट्ट्या आणि झडप यांचा पंप केला होता. हा क्टेसिबियस न्हाव्याचा मुलगा होता असे सांगतात. पुढे युरोपात असे पंप विहिरींवर व खाणींवर सर्रास चालू लागले, पण कारागिरांना एक कोडे सुटेना. वरून ओढणारा पंप कितीही चांगला केला तरी पाणी एका मर्यादेपलीकडे वर चढत नसे. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात ही मर्यादा तिकडील अठरा हातांची दिली आहे. त्याचा शिष्य टॉरिसेली याने उत्तर शोधले. पंप पाण्यास ओढतच नाही. तो फक्त नळीतील हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा भार पाण्यास वर ढकलतो. त्याने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा नळीत सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा जड. ७६ ला १३.६ ने गुणले म्हणजे सुमारे १०३४ सेंटिमीटर, अर्थात चौतीस फूट. कोडे सुटले. ही गोष्ट १६४४ च्या सुमाराची.

वर्गात हा धडा शिकविताना आम्ही मुलांस नेहमी विचारीत असू की, विहिरीत पाणी पन्नास फूट खाली असेल तर काठावर ठेवलेला पंप ते ओढील काय? बहुतेक मुले इंजिन मोठे घ्यावे असे सुचवीत. इंजिन हत्तीएवढे घेतले तरी ओढणार नाही, कारण ओढणारे इंजिन नाहीच. ढकलणारी हवा आहे आणि तिची ताकद ठरलेली आहे. देशावरची उंची, नळीतील घर्षण, सांध्यांतील गळती यांचा हिशेब धरता चौतिसाचे वीस-पंचवीस फूटच हाती लागतात. म्हणून आपल्याकडे विहिरीच्या आत कपारीवर चौथरा बांधून पंप खाली उतरविण्याची चाल पडली. पाणी खाली गेले की पंपही खाली. काही ठिकाणी ऑइल इंजिनही तसेच आत उतरविले गेले आणि त्याच्या विषारी धुराने विहिरीत माणसे गुदमरून मेली. ज्या कारणाने हे घडे ते शाळेच्या पुस्तकात होते, पण शाळा आणि विहीर यांची गाठ पडत नसे.

वाफेच्या पंपाने पाणी उपसण्याचे काम मुंबईस फार लवकर आले. जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशीर करसेटजी यांनी वायुदीप, शिवणयंत्र यांबरोबर वाफेच्या पंपाने बागांस पाणी देण्याची रीतही मुंबईस आणल्याची नोंद आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळविणारे ते पहिले भारतीय (१८४१). त्यांचे पूर्वज सुताराचेच काम करीत, हे आपल्या ज्ञातीतील तरुणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वाडिया या नावाचा अर्थच जहाज बांधणारा असा होतो.

तथापि शेतकऱ्याच्या विहिरीवर पंप आला तो मुंबईहून नव्हे, तर कुंडलच्या माळावरून. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांची हकीकत बहुश्रुत आहे. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडणे भाग पडल्यावर औंध संस्थानने त्यांस बत्तीस एकर ओसाड माळ आणि दहा हजार रुपये दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे उसाचे चरक निघाले व १९२६ च्या सुमारास अपकेंद्री पंप तयार झाला. दट्ट्याच्या पंपाहून हा अगदी निराळा. बंद डबीत वाकड्या पात्यांचे एक चक्र वेगाने फिरते, पाणी मध्यावर शिरते आणि कडेने जोराने फेकले जाते. पाती सरळ न ठेवता वाकडी ठेवली म्हणजे किती फरक पडतो ते लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात ॲपोल्ड नावाच्या गृहस्थाने दाखविले होते. वाकड्या पात्यांच्या त्याच्या पंपाने शेकडा ६८ काम दिले, सरळ पात्यांनी अवघे शेकडा २४.

पंपाची ही डबी बिडाची असते आणि बीड वाळूच्या साच्यात ओततात, हे सर्वांस माहीत आहे. परंतु साचा कशावरून पडतो? अगोदर लाकडाची हुबेहूब प्रतिकृती करावी लागते. कारखान्यात तिला पॅटर्न म्हणतात. बीड थंड होताना आकसते, म्हणून प्रतिकृती फुटामागे एक अष्टमांश इंच मोठी करावी लागते; ती वाळूतून अलगद निघावी म्हणून तिच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. हे काम सुताराचे. म्हणजे मोटेचे चाक गेले तरी पंपाच्या पोटातील चक्र प्रथम लाकडातच जन्मास येत होते. जुन्या पंपांवर कारखान्याचे नाव उठावदार अक्षरांत असे. ती अक्षरेही कोण्या सुताराने आधी लाकडात कोरलेली असत. पुढे ॲल्युमिनियमचे व प्लास्टिकचे पॅटर्न आले, यंत्रे ते कापू लागली. पण चांगला पॅटर्नमेकर ओतशाळेत अजूनही मान राखून आहे.

थोडा हिशेब करू. मोटेत दीडशे लिटर पाणी मावते आणि ते तीस फूट वर काढावयाचे आहे असे धरा. पाच अश्वशक्तीचा पंप, त्याची निम्मी शक्ती वाया गेली असे मानूनही, तेवढे पाणी सुमारे सात सेकंदांत वर आणतो. बैलजोडीने नाडा ओढून, मोट ओतवून, धावेवरून उलटपावली परत येईपर्यंत या पंपाने दहा मोटांचे पाणी काढलेले असते. आणि पंपास वैरण लागत नाही. हे पाहिल्यावर कोणता शेतकरी मोटेपाशी थांबला असता? तो थांबला नाही, यात त्याचा दोष नव्हता.

१९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिनचा कारखाना निघाला. साताऱ्याकडे कूपर यांचीही इंजिने होत असत. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, कोयनेची वीज आली आणि खेड्याखेड्यांतून तारा पोहोचू लागल्या. आमच्या लहानपणी गावात मोटा मोजक्याच राहिल्या होत्या. हायस्कुलात गेलो तोवर एकही उरली नाही. चाक नाही तेव्हा बलुते कशाचे, असे लोक तोंडावर म्हणत नसत, पण खळ्यावरचे माप दरवर्षी लहान होत गेले. आपले किती कुटुंबीय त्या वर्षांत गाव सोडून पुणे, मुंबई, कोल्हापूर, इचलकरंजी येथे गेले, ते आपापल्या घरी वडीलधाऱ्यांस विचारल्यास समजेल. ढोर, चर्मकार व मांग बांधवांवर तर याहून कठीण प्रसंग आला. आपल्याजवळ निदान दारे-खिडक्या, खुर्च्या-टेबले करण्याचे काम होते. नाडा वळणाऱ्याने दुसरे काय वळावे?

मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, म्हणजे काठावरचे पंपही निकामी झाले. तेव्हा कातळात खोल भोके पाडून विंधन विहिरी घेण्याचे काम जोरात सुरू झाले. त्यांवर हातपंप बसविले गेले, परंतु ते बिडाचे पंप परदेशातील एकेका कुटुंबासाठी बेतलेले होते. आपल्याकडे एका पंपावर सारा गाव. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा खालीवर होत राही आणि थोड्याच दिवसांत काहीतरी तुटे. या अडचणीवर पहिला उपाय महाराष्ट्रातच निघाला, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. जालना येथे मिशनच्या लोकांनी पोलादी हातपंप केला, सोलापुरास त्याची सुधारलेली आवृत्ती झाली, आणि या सोलापुरी पंपावरूनच पुढे युनिसेफच्या साहाय्याने इंडिया मार्क दोन हा हातपंप सिद्ध झाला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात १९७७ च्या सुमारास त्याचे उत्पादन सुरू झाले. आज आफ्रिकेतील अनेक देशांत हाच पंप पाणी देतो आहे.

त्याच्या डोक्यात एक साखळी आणि अर्धचंद्राकार तुकडा आहे. दांड्याची चाल गोल, पण सळई मात्र सरळ उभी खालीवर व्हावी, यासाठी ही योजना. आणि चौतीस फुटांची अडचण? ती येतच नाही, कारण दट्ट्याचे नळकांडे वर नसून खाली पाण्यातच बुडविलेले असते. पाणी ओढले जात नाही, उचलले जाते. शिवाय या पंपाच्या दट्ट्याभोवती पाणी अडविणारी वाटी होती ती चामड्याची! पुढे तिची जागा रबराने घेतली.

पंप पाण्यातच बुडवावा हे तत्त्व एकदा हाती आल्यावर विजेच्या मोटरीसह सारा पंपच विंधन विहिरीत सोडणे ओघानेच आले. यास खेड्यात पाणबुडी मोटर म्हणतात आणि हा शब्द आम्हांस मोठा समर्पक वाटतो. दोनशे, तीनशे, पाचशे फुटांवरचे पाणी बटण दाबताच वर येऊ लागले. शहरात प्रत्येक इमारतीखाली हौद, गच्चीवर टाकी आणि दोहोंमध्ये एक लहानसा पंप असतो. तो बंद पडला म्हणजे चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडांस कात्रजच्या नळाचे महत्त्व कळते. टाकीचे झाकण मात्र घट्ट असावे. मुंबईतील हिवतापाचे डास विहिरींत व टाक्यांतच वाढतात, हे बेंटले यांनी १९११ सालीच दाखवून दिले आहे.

पाणबुडी मोटरीने मर्यादा संपविली, आणि नेमकी तीच अडचण झाली. मोटेस बैलाचा दम ही मर्यादा होती. दिवसभर मोट चालवून अर्धा एकर भिजला तरी पुष्कळ झाले, आणि रात्रभरात विहीर पुन्हा भरे. चौतीस फुटांचा पंपही विहिरीच्या तळाशी थांबे. आता थांबविणारे काही राहिले नाही. शेजाऱ्याने तीनशे फूट खोल घेतले म्हणून आपण चारशे घ्यावयाचे, आणि तिसऱ्याची जुनी बांधीव विहीर कोरडी पडावयाची, असा प्रकार चालू आहे. सरकारने १९९३ साली कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्थानापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास बंदी घातली. कायदा चांगला आहे. तो किती पाळला जातो ते प्रत्येकाने आपल्या गावी पाहावे. अलीकडे, २०१९ पासून, केंद्र सरकारच्या योजनेतून सूर्यशक्तीवर चालणारे पंप मिळू लागले आहेत. रात्री-अपरात्री विजेची वाट पाहत शेतात जाण्याचा त्रास त्यामुळे वाचतो, हे खरोखर मोठे काम झाले. पण ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर चालू ठेवण्याची सवय लागली, तर विंधन विहीर आणखी लवकर आटेल, अशी धास्ती आम्हांस वाटते.

ज्ञातीतील पुष्कळ तरुण आज मोटर गुंडाळण्याच्या व पंपदुरुस्तीच्या धंद्यात आहेत, त्यांस हे सारे आमच्याहून अधिक ठाऊक असेल. खोल गेलेली मोटर जळाली म्हणजे ती वर काढताना ते काय करतात ते आम्ही मुद्दाम उभे राहून पाहिले. विंधन विहिरीच्या तोंडावर तीन पाइपांची उंच तिपाई उभी करतात, तिच्या माथ्यावर एक खाचेचे चाक अडकवितात, चाकावरून दोर खाली सोडतात आणि चार-पाच जण मिळून तो ओढू लागतात.